एका प्रतीचं गिऱ्हाईक

ग्रंथ माणसापेक्षा जास्त जगतो, यात शंका नाही. देह जातो, शब्द उरतात. लिहिणारा मातीला मिळतो आणि त्याचं पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या हातात उघडत राहतं. फक्त त्यासाठी ते पुस्तक आधी छापलेलं असावं लागतं. शिट्टीकाकांचं पुस्तक 'मागणी येईल तशी छपाई' या पद्धतीने निघालेलं असल्यामुळे कुणी विकत घेईपर्यंत ते छापलंच जाणार नव्हतं. म्हणजे अमरत्वाची सगळी तयारी झाली होती, जन्म तेवढा राहिला होता.

शिट्टीकाका एका सार्वजनिक जलतरण तलावावर जीवरक्षक होते. काठावरच्या उंच लोखंडी खुर्चीत बसायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि पाण्याकडे बघत राहायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्या तीस वर्षांत तलावात एकही माणूस बुडाला नाही. नोकरीच्या दृष्टीने ही गोष्ट उत्तम होती. पुस्तकाच्या दृष्टीने मात्र पंचाईत होती. काहीच घडलं नाही, याचं साद्यंत वर्णन करायला काकांना जवळजवळ तीनशे पानं लागली.

लिहिण्यामागे कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय झालं?" काका प्रामाणिकपणे सांगायचे, "काही नाही." एकच उत्तर ऐकून ऐकून माणूस कंटाळतो. पुढे काकूंनी विचारणं सोडून दिलं. काकांना मात्र ठाऊक होतं की ते 'काही नाही' फार मोठं होतं. त्यात माणसं होती, त्यांच्या सवयी होत्या, रुसवे होते, पाण्यात शिरण्याआधी पायाचा अंगठा बुडवून बघणारे धिप्पाड पैलवान होते. हे सगळं दारात चपला काढता काढता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी ते लिहून काढलं. थोडक्यात, 'उंच खुर्चीवरून' हे पुस्तक म्हणजे एका जुन्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर होतं, आणि जिने प्रश्न विचारला होता तिने ते वाचावं, एवढीच लेखकाची इच्छा होती.

ती वाचायला तयार नव्हती.

काकू विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायच्या. लोक सांगतात ते खरं धरायचं नाही, याचाच त्यांना पगार मिळायचा. घरीसुद्धा दूध उतू गेलं तर आधी कुठल्या परिस्थितीत गेलं ते त्या विचारून घ्यायच्या.

"मी वाचून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "नातेवाइकांची साक्ष आम्ही धरतच नाही. मी चांगलं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बायको आहे म्हणून म्हणते. वाईट म्हटलं तर म्हणाल, बायको आहे म्हणूनच म्हणते. त्यापेक्षा एखाद्या परक्या माणसाला स्वतःच्या खिशातून एक प्रत घेऊ दे. मग मी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीन."

"एकच प्रत?"

"एकच. पण माणूस परका हवा. शेजारचा, तलावावरचा, माझ्या ऑफिसातला चालणार नाही. आणि तुम्ही कुणाच्या हातात पैसे कोंबून घ्यायला लावलंत, तर तो मी खोटा दावा धरीन."

काका हो म्हणाले. जगात एवढी माणसं आहेत, त्यांतलं एक कुठेतरी सापडेल, असा त्यांचा हिशेब होता.

पुस्तक तयार करायला मेहुणा आला. काकूंचा हा धाकटा भाऊ औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात होता, त्यामुळे छपाईतलं सगळं त्याला कळतं असा घरात समज होता आणि त्याने तो कधी मोडला नव्हता. दर रविवारी सकाळी तो यायचा, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, दोन कप चहा प्यायचा आणि म्हणायचा, "हं, बोला भावोजी. आज कशावर अडून बसणार आहात?"

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रश्नांमागून प्रश्न यायचे. आकार कुठला? कागद पांढरा की पिवळसर? कव्हर चकचकीत की मॅट? काकांना हे प्रश्न फार आवडले. आपल्याला कुणी इतके प्रश्न विचारले आहेत, असं आयुष्यात फारसं झालं नव्हतं. ते प्रत्येकावर विचार करायचे. घरातली सगळी पुस्तकं त्यांनी पट्टीने मोजून काढली. कागद हातात धरून खिडकीकडे करून बघितला. पाठीमागची अक्षरं आरपार दिसतात का, दिसली तर कुठल्या पुस्तकात जास्त दिसतात, महाग पुस्तकात दिसतात का, हे तपासताना ते दुपारभर रमले. कव्हरासाठी त्यांनी पिवळा रंग निवडला.

"निळा घ्या ना," मेहुणा म्हणाला. "तलावाचं पुस्तक आहे."

"खुर्ची पिवळी होती."

"वाचणाऱ्याला काय माहीत?"

"वाचल्यावर कळेल."

खरा घोळ झाला तो पानांवरून. तलावावर एक रिवाज असतो. दर तासाला जीवरक्षक लांब शिट्टी मारतो आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढतो. दहाएक मिनिटं तलाव रिकामा राहतो. लोक काठावर कुडकुडत, कुरकुरत बसतात, पाणी हळूहळू निवळतं, तळाच्या फरशा दिसायला लागतात आणि जीवरक्षक एकदा सगळा तळ डोळ्यांखालून घालतो. मग छोटी शिट्टी, की पुन्हा धबाधब उड्या. काकांच्या मते सगळ्या कामाचं मर्म त्या दहा मिनिटांत होतं. म्हणून पुस्तकातही प्रत्येक प्रकरणानंतर चार पानं कोरी असली पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला.

"चार?" मेहुणा म्हणाला. "कोरी?"

"पाणी निवळायला वेळ लागतो."

"भावोजी, ही कंपनी पानावर पैसे लावते. छापलंय काय, कोरं आहे काय, यंत्राला सगळं सारखंच. तुम्ही लोकांना कोरा कागद विकणार?"

"कोरा नाही. रिकामा."

"आमच्या कारखान्यात रिकामं खोकं बाहेर गेलं तर माणसाला घरी पाठवतात," मेहुणा म्हणाला आणि त्याने चार पानं घातली. ताईच्या नवऱ्याशी वाद घालायचा नाही, असं त्याने ताईच्या लग्नातच ठरवलं होतं. तिथेच एकदा घालून बघितला होता.

बाकीच्या गोष्टींत काका नमले. समास त्यांना ऐसपैस हवे होते, कारण काठ नेहमी मोकळा ठेवायचा अशी त्यांची शिकवण. ते त्यांनी अर्धे केले. टाइप एका घराने लहान केला. आभार मानण्याची पानं तीन होती ती एकावर आणली, त्यात दोन मावसभाऊ गळाले. कोरी पानं मात्र हलली नाहीत.

सगळं भरून झाल्यावर कंपनीचा हिशेब पडद्यावर उमटला. छपाईचा खर्च दोनशे सोळा. विक्रीच्या किमतीतले पाचांतले दोन हिस्से कंपनीचे. म्हणून कमीत कमी किंमत तीनशे साठ. त्याखालचा आकडा टाकला की चौकट लाल व्हायची.

"आणि तीनशे साठला विकलं तर मला किती?"

"शून्य."

काकांनी मान डोलावली. शून्याची त्यांना सवय होती. पण एक प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला: ज्याने आपल्याला कधी पाहिलेलं नाही असा माणूस, ज्याची त्याला काडीची गरज नाही अशा वस्तूला नेमके किती पैसे देतो?

हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं. बघणं हाच त्यांचा धंदा होता. ते कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले, स्टेशनरीच्या दुकानात उभे राहिले, औषधांच्या दुकानाबाहेर रेंगाळले. औषधं घेताना कुणी किंमत बघत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. शुभेच्छापत्र घेताना मात्र लोक उलटून मागची किंमत बघतात, परत ठेवतात, दुसरं उचलतात, तेही उलटतात. ज्याच्यावर प्रेम जास्त त्याच्यासाठी महाग घेत असतील, असं म्हणावं तर तसंही नव्हतं. एका बाईंनी सगळ्यात स्वस्त पत्र घेतलं आणि ते छातीशी धरून गेल्या.

पुस्तकांच्या दुकानात त्यांनी हिंमत करून एका टाय घातलेल्या माणसाला विचारलंच, "माफ करा, हे तुम्ही परत का ठेवलंत?"

"कुठे काय ठेवलं?" तो माणूस दचकला. "मी नुसता बघत होतो."

"तेच. बघून परत ठेवलंत. किंमत बघून, की आतलं बघून?"

"तुम्ही दुकानाचे का?"

"नाही, मी तलावाचा."

त्या माणसाने ते पुस्तक उचललं, पैसे चुकते केले आणि मागे न बघता निघून गेला. काका विचारात पडले. लेखकाने गिऱ्हाइकाशेजारी जातीने उभं राहिलं तर पुस्तकं खपतात, असा निष्कर्ष निघत होता. पण ऑनलाइन विक्रीत ती सोय नव्हती.

"शेवटी नऊ टाका," मेहुण्याने पुढच्या रविवारी सांगितलं. "तीनशे एकोणसत्तर. सगळं जग नऊ टाकतं."

"का?"

"एक कमी वाटतो म्हणून."

"पण एक कमी असतोच की. वाटायचं काय त्यात?"

मेहुण्याने कपाळ चोळलं. "भावोजी, मी खोकी छापतो. मला एवढं खोल विचारू नका."

काकांनी तीनशे पासष्ट टाकले. वर्षाचे दिवस तितकेच, रोज एक बाजूला टाकला तरी पुस्तक घेता येईल.

"आणि लीप वर्षाचं काय?" आतून काकूंनी विचारलं. त्या वाचणार नव्हत्या, पण ऐकणं त्यांनी सोडलेलं नव्हतं.

त्या किमतीत काकांच्या वाट्याला प्रतीमागे तीन येत होते. मेहुण्याने बटण दाबलं. पडद्यावर 'अभिनंदन, आपलं पुस्तक आता उपलब्ध आहे' असं आलं, आणि ते बघायला काकूही बाहेर आल्या. पुस्तक उपलब्ध होतं, पण कुठेही नव्हतं. कुठल्या गोदामात नव्हतं, ट्रकमध्ये नव्हतं, कपाटात नव्हतं. कुणीतरी हवं म्हणेल, तेव्हा कुठल्याशा शहरात एक यंत्र जागं होणार, कागद ओढणार, डिंक लावणार, कडा कापणार, आणि पुस्तक होणार. काकांना त्याचं इतकं नवल वाटलं की ते लॅपटॉपच्या मागच्या बाजूला जाऊन बघून आले.

लेखकासाठी मिळते ती एक प्रत घरी आली. काकांनी ती दिवाणखान्यात, काकूंच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवली. काकूंनी तिच्यावरची धूळ नियमित पुसली. उघडली नाही.

विक्रीचा आकडा बघायला काका रोज सकाळी लॅपटॉप उघडायचे. तिथे एक आडवी रेघ असायची. निवांत, सपाट, पहाटेच्या तलावासारखी. काकांना तिच्याकडे बघत बसायला काही वाटायचं नाही. मग एका मंगळवारी तिच्यावर एक उंचवटा दिसला. विक्री: एक.

त्यांनी काकूंना हाक मारली नाही. आधी पुरावा गोळा केला पाहिजे, एवढं तीस वर्षांच्या संसारात ते शिकले होते. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"मी कशाला घेऊ?" मेहुणा म्हणाला. "अख्खी फाइल माझ्याकडे फुकट आहे."

"शाबास," काका म्हणाले आणि त्यांनी थोरल्या भावाला फोन केला.

"दादा, खरं सांग. तू माझं पुस्तक विकत घेतलंस का?"

हा प्रश्न असा विचारायचा नसतो, हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं. लेखक असलेल्या सख्ख्या धाकट्या भावाला, तोंडावर, 'नाही घेतलं' म्हणणारा माणूस कुठल्याच घरात जन्माला येत नाही.

"म्हणजे काय!" दादा म्हणाले. "घेतलं की! उशाशीच आहे. रोज दोन पानं वाचल्याशिवाय झोप येत नाही. काय लिहितोस रे! पकड आहे तुझ्या लेखणीत."

गिऱ्हाईक घरातलंच निघालं, असं काकांना वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "कव्हर कुठल्या रंगाचं आहे, दादा?"

"कव्हर ना? निळं! सुंदर निळं. बघितलं की पाण्यात उतरावंसं वाटतं."

"दादा," काका म्हणाले, "तू फार चांगला आहेस."

दादांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी ते मान्य केलं.

त्यानंतर काकांनी सगळ्यांना फोन केले. साडूंनी घेतलं होतं, निळं होतं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी घेतलं होतं आणि दवाखान्यात ठेवलं होतं, पेशंट सोडतच नाहीत म्हणाले, निळं होतं. तलावाच्या व्यवस्थापकाने दोन घेतली होती, एक निळं आणि एक, काका काही बोलेनात असं पाहून, फिक्कट निळं. विकली गेलेली प्रत एक होती आणि ती घेतल्याचं सांगणारे चौघे. काका प्रत्येक खोट्याबरोबर जास्त जास्त खूश होत गेले. एकट्या मावशींनी खरं सांगितलं. "नाही रे बाबा, माझ्या डोळ्यांत अजून ड्रॉप्स चाललेत. घ्यायला हवं होतं का? रागावलास का?"

"मावशी, तुम्ही घेतलं नाहीत हे ऐकून मला किती बरं वाटलं, काय सांगू!"

मावशींनी फोन ठेवल्यावर काकूंना फोन केला आणि विचारलं, याची तब्येत बरी आहे ना.

त्यामुळे संध्याकाळी प्रकरण काकूंसमोर आलं. काकांनी सगळी हकिकत सांगितली. काकूंनी चष्मा पुसून ऐकली, मधे दोनदा थांबवून उलटतपासणी घेतली, आणि म्हणाल्या, "ठीक आहे. ओळखीच्यांपैकी कुणी घेतलेलं नाही, हे धरून चालू. पण परक्याने घेतलंय, हे कुठे सिद्ध झालं?"

"दोन्ही एकच नाही का?"

"एवढ्याच फरकावर माझं घर चालतं, अहो."

काकांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बऱ्याच वाद्यसंगीतानंतर एक गोड आवाजाची मुलगी आली. ग्राहकाची माहिती गोपनीय असते, असं ती म्हणाली.

"मला नाव नको," काका म्हणाले. "तो माझ्या ओळखीचा नाही ना, एवढंच सांगा."

"सर, तुमच्या ओळखीचं कोण आहे, हे आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगतो ना. लिहून घ्या. दादा..."

"सर, मी तुमची विनंती वरच्या विभागाकडे पाठवते."

वरचा विभाग बराच वर असावा, कारण तिथून काही उत्तर आलं नाही. पण घरात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. काकूंना प्रश्न पडला. चहा गाळता गाळता त्या म्हणायच्या, "बाई असेल का हो?" कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायच्या, "पण कुणी? मी मला स्वतःला विचारून बघितलं. ना ओळख, ना पाळख, पिवळं कव्हर, तीनशे पासष्ट किंमत. आणि तरी माणूस बटण दाबतो. अशा माणसाला हवंय तरी काय?" ऑफिसात त्यांच्या हाताखालून हजारो दावे गेले होते, पण असा हेतू नसलेला व्यवहार त्यांनी पाहिला नव्हता. हेतू सापडल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.

"पुस्तकात आहे काय असं, जे बघून कुणाला घ्यावंसं वाटावं?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"सांगतो. त्यात..."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही पक्षकार." त्यांनी तिवईवरची प्रत उचलली आणि पर्समधली पेन्सिल काढली. "मला कागदपत्रं बघावी लागतील. आणि हे बघा, मी वाचत नाहीये. अट अजून पुरी झालेली नाही. मी फक्त तपासते आहे."

"अर्थात," काका म्हणाले.

काकू तपासायला बसल्या. काका समोरच्या उंच स्टुलावर बसले. तीस वर्षं हजार लोकांकडे त्यांना न कळता बघण्याची कला त्यांनी कमावली होती. ती आता एकाच माणसावर लावायची वेळ आली. मान सरळ, चेहरा कोरा, नजर थोडी बाजूला. काकूंच्या कपाळावर आठी पडली तर त्यांना दिसायची. ओठाचा डावा कोपरा हलला तर दिसायचा. पान उलटायला उशीर झाला की त्यांना स्टुलावरून उडी घ्यावीशी वाटायची. माणूस खोल पाण्यात गेलंय आणि अजून वर आलेलं नाही.

पहिलं प्रकरण संपलं. कोरी पानं आली. काकूंनी ती उलटली नाहीत. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि लिहायला लागल्या.

"काय लिहितेस?"

"शेरे. जागा बरी सोडलीय तुम्ही."

काकांनी नंतर चोरून बघितलं: 'अंगठा बुडवणारा पैलवान. नाव? हा खरंच रोज यायचा की अधूनमधून?' आणि त्याखाली, 'मीठ संपलंय.'

पुढच्या संध्याकाळी तपास पुढे चालू झाला, त्याच्या पुढच्याही. ऑफिसातून आल्यावर काकू हातपाय धुऊन थेट खुर्चीत बसायला लागल्या. टीव्ही बंद राहायला लागला. भाजी दोनदा खाली लागली आणि कुठल्या परिस्थितीत लागली, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. मेहुणा रविवारी आला तर त्याला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

"ताई, वाचतेस?" त्याने विचारलं.

"तपासते आहे."

"कुठवर आलीस?"

"हळू बोल. तलाव रिकामा केलाय," काकू कोऱ्या पानावरून नजर न काढता म्हणाल्या. मेहुण्याने काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं.

पुस्तकात एक लाल टोपीवाली बाई होती. ती कित्येक वर्षं रोज सकाळी तलावावर यायची, उथळ बाजूला उतरायची, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि पाऊण तास तशीच उभी राहून घरी जायची. पोहली कधीच नाही. काकांनी तिला कधी हटकलं नाही, कारण कठडा धरून उभं राहणं नियमाविरुद्ध नव्हतं. एवढीच गोष्ट, पण ती प्रत्येक प्रकरणात दोन ओळींपुरती डोकवायची. त्या बाईपाशी काकू अडकल्या.

"अहो, ही लाल टोपीवाली," पुस्तकातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "ही पुढे कठडा सोडते का?"

काका स्टुलावर ताठ झाले. आपल्या नोकरीबद्दल पुढे काय झालं, असं बायकोने विचारल्याला किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना.

"पक्षकाराला विचारू नये," ते म्हणाले.

"फार शहाणे आहात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ते उठून बाल्कनीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. तीच गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, त्या एका प्रतीबद्दल तुमची विनंती होती. त्याचं उत्तर आलंय. ग्राहकाची माहिती आम्ही कधीच देत नाही."

"मग फोन कशाला केलात?"

"कारण तो ग्राहक नाही, सर. ग्राहक नसल्यामुळे सांगायला हरकत नाही, असं वरून कळवलंय. ती ऑर्डर आमच्याच तपासणी विभागाची होती. यंत्र नीट चालतंय का, हे बघायला ते अधूनमधून एखादी प्रत काढतात. त्याची विक्रीत नोंद व्हायला नको होती. आम्ही दुरुस्ती करतोय, तुमच्या खात्यातले तीन वजा होतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"पण माझंच पुस्तक का?"

"त्या दिवशी यादीत सगळ्यात वर होतं, सर."

काकांनी काचेतून आत बघितलं. काकूंनी पाय खुर्चीवर घेतले होते. पेन्सिल कानामागे खोचलेली होती आणि ती तिथे आहे हे त्या विसरल्यासारख्या दिसत होत्या. ते दार सरकवून आत आले.

"कोण होतं?" काकूंनी विचारलं.

खोटा दावा त्या घरात टिकत नसे. काकांनी सगळं होतं तसं सांगितलं.

"म्हणजे परका माणूस नाहीच," काकू म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे अट पुरी झालेली नाही."

"नाही." काकांनी हात पुढे केला. "दे, ठेवून देतो तिवईवर."

काकूंनी पुस्तक छातीशी ओढून घेतलं. "थांबा हो जरा! तिचा एक हात सुटलाय."

काका परत स्टुलावर जाऊन बसले. ती प्रत तिथे कुणी वाचली का, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मदत केंद्राला फोन करून विचारून घेतलं. तपासणी विभागात त्या प्रतीच्या चारही कडा मोजल्या होत्या, कणा तीनदा वाकवून बघितला होता, आणि तिचा त्याच दुपारी लगदा केला होता.